खाडीकाठची फौज

भादव्यातल्या अवसेच्या उधाणाने, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या उघाडीजवळचा बांध फोडला आणि पोटरीला आलेल्या भातात खाडी शिरली. गावातल्या बायाबापड्यांनी पाट्या भरभरून चिखल ओतला, पेंढा कोंबला, मोडक्या होडीच्या फळ्या ठोकल्या; पण फुटलेल्या बांधापुढे कुणाचं चालत नाही. पाणी उतरलं तेव्हा भात उभंच होतं, हिरवंही होतं. मग ते शेंड्याकडून पिवळं पडत गेलं आणि दसऱ्याला शेतात नुसता करडा पाचोळा उरला. बैलही त्याला तोंड लावीनात.

तुळशीरामचं घर बांधाच्या सगळ्यात जवळ. भात गेलं तसं मिठागराचं कामही लांबलं, कारण मिठाचे वाफे त्याच बांधाच्या आड होते आणि त्यांत गाळ बसला होता. त्याची बायको कमळ ओहोटीला खाडीत उतरून चिखलातले मासे, निवट्या, धरायची, टोपली डोक्यावर घेऊन खारबाव स्टेशनापर्यंत चालत जायची आणि येताना कण्या घेऊन यायची. चिखलाने तिच्या पिंढऱ्यांना भेगा पडल्या होत्या. त्यांत ती गोडेतेल चोळत बसे. तुळशीराम ते बघत नसे.

शेजारच्या घरात त्याचा चुलता बाळाराम आणि चुलती ठकुबाई. तुळशीरामचा बाप लवकर गेला. मिठावर लाकडी फावडं कसं ओढायचं, खालचा चिखल न उचलता वरचं पांढरं तेवढं कसं गोळा करायचं, हे त्याला बाळारामनेच शिकवलं. म्हाताऱ्याला पोरबाळ नव्हतं. तुळशीरामला तो तुळशा म्हणायचा आणि त्या हाकेत जे काय असायचं ते दोघांनाही कधी बोलून दाखवावं लागलं नव्हतं.

नवरात्र सरतंय तोच भिवंडीहून एक जीप आली. आतून उतरला सुधीर गुप्ते. भिवंडीतल्या जुन्या घरातला, एका मास्तरांचा मुलगा, नाटकाच्या नादाने मुंबईला जाऊन टीव्हीच्या कंपनीत लागलेला. वसईच्या लढाईवर मालिका काढायची होती. खाडी हवी, चिखल हवा, आणि त्या चिखलात लढायला मराठ्यांची आणि फिरंग्यांची अशा दोन्ही फौजा हव्या.

"माणसं मिळतील का?" त्याने बांधावर बसलेल्या तुळशीरामला विचारलं.

"मानसांची काय कमी? कामाचीच कमी हाय."

"मग तूच गोळा कर. आणायचीही तू, सांभाळायचीही तू. मला रोज सकाळी फौज उभी दिसली पाहिजे."

मारुतीच्या देवळापुढे भरती झाली. भिवंडीत लूमवर रातपाळी करणारी माणसंसुद्धा त्या दिवशी खाडा करून आली. सगळ्यांना सदरे काढून रांगेत उभं केलं होतं. ऊन पाठीवर घेत माणसं एकमेकांच्या बरगड्या बघून हसत होती. सुधीर रांगेपुढून चालत गेला आणि बोटाने दाखवत गेला. नामापुढे तो थांबला.

"हा नको. उपाशी फौजेत एवढं पोट शोभत नाही."

रांग हसली. नामा हसला नाही. त्याचं पोट खाण्याचं नव्हतं. दुखण्याने पोटातली पानथरी वाढली होती, गावाला ते ठाऊक होतं. तुळशीरामलाही ठाऊक होतं. त्याने सांगायला तोंड उघडलं आणि सुधीर पुढे गेला म्हणून मिटलं.

बाळाराम रांगेत नव्हताच. तो पारावर बसून गंमत बघत होता. पांढऱ्या मिशा, ओढलेले गाल, मिठाने करपून काळ्या झालेल्या नडग्या. सुधीर त्याच्याकडे बघतच राहिला.

"हे आजोबा कोण? यांना निशाण द्या. सगळ्यात पुढे."

"माला? मी रे कसला शिपाय?" बाळाराम लाजला. ठकुबाईने तोंडाला पदर लावला. म्हणाली, "आता लगीन करून देतील तुमचा."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. टेकाडावर फळकुटांची आणि गोणपाटाची तटबंदी उभी राहिली. अंगरखे आले, ते दुसऱ्या कुठल्या तरी माणसांच्या घामाने आधीच कडक झालेले होते. फिरंगी झालेल्यांना जाड लाल कोट घालावे लागत आणि दुपारी त्यांच्या काखा सोलून निघत. मिशा डिंकाने चिकटवत, संध्याकाळी ओढून काढताना ओठाचं सालटं निघे. नटमंडळी तंबूत खुर्च्यांवर जेवत. फौज बांधावर उकिडवी बसून पातळ डाळीत पाव बुडवी. बारापर्यंत नुसतं उभं राहायचं, मग कुणीतरी भोंग्यातून ओरडे, आणि सगळ्यांनी चिखलात धावायचं. पुन्हा मागे यायचं. पुन्हा धावायचं.

पहिल्या आठवड्यात सुधीरने तुळशीरामला नाव दिलं. दुपारी सिगरेट ओढत तो सांगत होता, "अरे, त्या काळातही तुझ्यासारखा एकेक गडी असायचा. गावातून माणसं तोच आणायचा, हजेरी तोच द्यायचा, कुणाला ठेवायचं, कुणाला घरी धाडायचं, सगळं त्याच्या हातात. पावसाळ्याला फौजेला रजा, दसऱ्याला पुन्हा हजर. मधेच शेताच्या ओढीने माणसं पळून गेली की सरदार त्याला धरायचे. त्याला म्हणायचे जमादार."

तेव्हापासून कंपनीची माणसं त्याला जमादार म्हणू लागली. मग गावही म्हणू लागलं.

रोज संध्याकाळी सुधीर उद्याचा आकडा सांगायचा. कधी शंभर लागत, कधी साठ. उरलेल्यांना उद्या येऊ नका, हे जमादाराने सांगायचं. आधी तुळशीरामला जिभेला चटका बसल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. मग त्याला कळून चुकलं की माणसं आपल्याकडे डोळे लावून उभी राहतात, आपण कुणापुढे थांबतो ते बघतात. तो मुद्दाम सावकाश चालू लागला. कुणी म्हणे, "घरात खायला कन्याबी न्हायत रे," तर तो म्हणे, "मी काय करू? वरून हुकूम हाय." वरून नुसता आकडा यायचा. माणसं तोच निवडायचा.

विहिरीवर कमळ गेली की बायका आपापल्या कळश्या उचलू लागल्या.

"नामाच्या बायकोने तोंड फिरवला आज," कमळ म्हणाली.

"मी नामाला काढला न्हाय. सायबाने काढला."

"दुसऱ्या दिशी घेता आला असता."

तो जेवून उठला.

त्याच सुमाराला तुळशीरामची चारचौघांत शोभा झाली. वरच्या आळीतले दोघं लग्नाला म्हणून न सांगता निघून गेले. आदल्या दिवशीच्या दृश्यात ते पुढे होते, त्यांच्यावाचून पुढचं जुळेना. कॅमेरेवाला चिडला, दिग्दर्शक सुधीरला बोलला, आणि सुधीरने भोंगा हातात असतानाच तुळशीरामला झापलं. "दोन माणसं सांभाळता येत नाहीत तुला? मुंबईला तुला न्यायचं म्हणत होतो मी. तिथे रोज पाचशे माणसं लागतात. काय तोंडाने शिफारस करू?" सगळी फौज ऐकत होती. फिरंग्यांतून कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं.

मुंबईचं तुळशीरामने कमळलाही सांगितलं नव्हतं. कंपनीत कायमचं काम, खाडीच्या लहरीवर न चालणारं. झोपेत त्याला ती पाचशे माणसं दिसत.

दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, बाळाराम त्याच्या ओटीवर आला. अंगावर घोंगडी होती. बसताना त्याने भिंत धरली.

"तुळशा, माजा आंग मोडून आलाय. छातीत कळ मारते. उद्या माला सोड. नुसतं घरात पडून ऱ्हातो."

तुळशीरामने त्याच्या हाताला हात लावला. हात तापलेला होता. उद्या शेवटची मोठी लढाई होती. पाण्यातून तटावर चाल करून जायचं होतं, आणि निशाण घेऊन पुढे बाळाराम.

"तुमचा तोंड क्यामेऱ्यात आलाय काका. जागा खाली ऱ्हायली तर समदं अडल."

"दुसरा कोन तरी धरल निशान. पाठमोरा."

"इचारतो सायबाला."

"इचार बाबा." म्हातारा उठला. "तू इचारलास तर आयकल तो."

सकाळी धुकं होतं. खाडी उतरलेली, चिखल गार. सुधीर जीपमधून उतरला तोच त्याने तुळशीरामला बाजूला घेतलं. परवाच्या बोलण्याचं त्याला वाईट वाटलं असावं; आवाज मऊ होता.

"जमादार, आज दिवसभर पाण्यात काम आहे. कुणी आजारी-बिजारी नाही ना? असेल तर आत्ताच सांग. मी कॅमेऱ्याला सांगून माणूस बदलतो. नंतर घोळ नको."

विचारायचीसुद्धा गरज उरली नव्हती. नुसतं नाव घ्यायचं होतं. तुळशीरामला परवाचा भोंगा आठवला, आडून हसलेला माणूस आठवला. पुन्हा एक माणूस कमी म्हणून सांगायचं.

"न्हाय," तो म्हणाला. "समदे ठनठनीत हायेत."

"शाब्बास."

बाळाराम अंगरखा चढवून निशाणाच्या काठीला टेकून बसला होता. तुळशीराम त्याच्यापुढे उभा राहिला.

"इचारला काका. न्हाय बोल्ला."

"न्हाय बोल्ला?"

"पर मी दुसरं एक इचारून येतो." ते मात्र त्याने खरंच विचारलं. निशाणवाला पहिल्याच बाराला पडला तर चालेल का, असं. दिग्दर्शकाला ती कल्पना आवडली. तुळशीराम धावत परत आला. "काका, धावायचं न्हाय. पयला बार झाला की पराचं. परून निजायचं. घरी तरी निजनारच व्हते ना?"

बाळारामने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जित्तेपनी मरायचं म्हन." आणि उठला.

पहिला बार झाला. म्हातारा निशाणासकट पडला, असा पडला की बघणाऱ्यांनी वाहवा केली. पण जो पडला त्याने पडूनच राहायला हवं, हे तुळशीरामच्या ध्यानात आलं नव्हतं. मेलेला माणूस दृश्य संपेपर्यंत मेलेलाच लागतो. चाल पुन्हा झाली, पुन्हा झाली. कधी फिरंग्याची टोपी उडाली, कधी लांबून रेल्वेची शिट्टी आली. धुकं विरलं, ऊन आलं, ते ढगाआड गेलं. माणसं म्हाताऱ्याच्या अंगावरून उड्या मारत पुढे जात होती आणि त्यांच्या पायाचा चिखल त्याच्या तोंडावर उडत होता. तो पुसत नव्हता.

दुपार कलली आणि खाडीला भरती लागली. पाणी पहिल्यांदा चिखलातल्या रेघांतून आलं, मग सगळीकडून. ते बाळारामच्या पायाला लागलं, कमरेला लागलं. दिग्दर्शक खूश झाला. पडलेल्या माणसांमधून चढणारं पाणी. असं मागून मिळत नाही. त्याने कॅमेरा पुढे घ्यायला लावला.

तुळशीराम कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. म्हाताऱ्याच्या कानाशी पाणी आलेलं त्याला दिसत होतं. अंगरखा फुगून वर आला होता आणि त्याखाली छाती भरभर हलत होती. आपण ओरडलो तर? त्याने हाक घशापर्यंत आणली. शेजारी सुधीर ओठांवर बोट ठेवून उभा होता. सगळ्या बांधावर चिटपाखरू बोलत नव्हतं, आणि तुळशीरामही बोलला नाही.

मग भोंगा वाजला. मेलेली माणसं खदखदून हसत उठली, चिखल झटकू लागली. बाळाराम उठला नाही.

"काका खरंच गेला का रे?" कुणीतरी थट्टेने म्हणालं.

तुळशीराम पाण्यात शिरला. म्हाताऱ्याचे दात वाजत होते, डोळे उघडे होते. त्याला पाठीवर घेऊन तो बांधावर चढला. निशाणाची काठी म्हाताऱ्याने सोडली नव्हती. ती मागे पाण्यात ओढत येत होती. कुणीतरी ती त्याच्या बोटांतून सोडवून घेतली, कारण ती कंपनीची होती.

भिवंडीच्या दवाखान्यात म्हातारा पंधरवडाभर होता. छातीत पाणी झालं होतं. कंपनीने औषधाचा खर्च केला. ठकुबाई खाटेखाली गोणपाटावर बसून असायची. तुळशीराम डबा घेऊन गेला की ती वाटेतून पाय आवरून घ्यायची, त्याला जागा करून द्यायची.

"तू व्हतास म्हून," ती म्हणायची. "पान्यात उरी तूच टाकलीस. सायबापाशी शब्दबी तूच टाकला व्हता. त्या मेल्याला दया आली न्हाय, त्याला तू काय करशील?"

तुळशीराम डब्याचं झाकण उघडायचा आणि पुन्हा लावायचा. घरी त्याला जेवण जाईना. भाताचा घास तोंडात फिरत राही. कमळने दोन वेळा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "तुमी इचारला व्हता ना खरंच?"

"मंग काय खोटं बोलतो?"

"मी कुठं तसं म्हनते," ती म्हणाली, आणि चुलीत फुंकर घालायला वाकली. जाळ लागलेलाच होता.

दिवाळीनंतर कंपनी तटबंदी मोडून निघून गेली. जाताना सुधीर गावात आला. म्हाताऱ्यासाठी एक शाल आणली होती. बाळाराम ओटीवर बसला होता, दोन वाक्यांमध्ये दम घेत होता. तुळशीराम खांबाशी उभा राहिला. ठकुबाईने गुळाचा चहा ठेवला. कमळ तिला कप विसळून द्यायला आली होती.

"आजोबा, फार वाईट वाटलं हो," सुधीर शाल पांघरवत म्हणाला. तो मनापासून बोलत होता. "मला कुणी सांगितलंच नाही, तुम्हाला ताप आहे म्हणून. सकाळी मी विचारलं होतं. एक माणूस बदलायला मला काय लागलं असतं? पाच मिनिटं."

कमळच्या हातातला कप कपावर आपटला. ठकुबाईने चहा गाळता गाळता वर पाहिलं, सुधीरकडे नाही, खांबाकडे. तुळशीरामला वाटलं, आता खांब तरी हातातून जाऊ नये.

बाळाराम शालीचा काठ चाचपत होता. तो खोकला. खोकला सरेपर्यंत सगळे थांबले.

"बोल्ला व्हता तो," म्हातारा म्हणाला. "तुमच्या कानावर घातला व्हता त्याने. तुमी गडबडीत व्हते, इसरले असाल."

सुधीर गोंधळला. त्याने तुळशीरामकडे पाहिलं. "असेल बाबा. असेल. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. माझीच चूक."

सुधीरने चहा घेतला, म्हाताऱ्याच्या पाया पडला, जीपकडे गेला. जाताना तुळशीरामला म्हणाला, "मुंबईचं बघतो मी. कळवतो." त्याने काही कळवलं नाही, आणि तुळशीरामनेही पुन्हा विचारलं नाही.

ओटीवर म्हातारा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "जमादार," तो म्हणाला, "जाताना दार लोटून जा. वारा येतो."

पौषात बांधाचं खिंडार बुजलं, वाफ्यांतला गाळ निघाला. मिठागराच्या मालकाने तुळशीरामला मुकादम केलं. तुला माणसं वागवता येतात असं ऐकलंय, म्हणाला. पहिल्या सकाळी माणसं बांधावर जमली. नामाला त्याने सगळ्यात आधी बोलावलं. नामा आला, पण मान वर केली नाही. आणि मग बांधावरून, जरा चालत, जरा थांबत, बाळाराम आला. खांद्यावर त्याचं फावडं होतं.

नको म्हणायला कुणाची जीभ उचलणार? तुळशीरामने त्याला उघाडीवर बसवलं. भरतीला फळी उचलायची, वाफ्यांत पाणी घ्यायचं, फळी लावायची. एवढंच. पण पाण्याने फुगलेली फळी म्हाताऱ्याला हलेना. तुळशीराम लवकर येऊन ती आधीच सैल करून ठेवू लागला. म्हाताऱ्याला ते कळलं असावं. आठवड्याने त्याला तेवढंही जमेना. तो बसून राही, छातीवर हात ठेवून, आणि आपापलं काम सोडून बाकीची माणसं त्याच्या फळीला आळीपाळीने धावत. एकदा फळी वेळेवर लागली नाही, आणि जमत आलेलं मीठ विरघळून गेलं. उन्हात पाठी करपवून जमवलेलं, सगळ्यांचं.

"आमी काका म्हून बोलत न्हाय," नामा म्हणाला. "पर असं किती दिस? तू मुकादम हायेस. तू सांग त्याला."

तुळशीराम उघाडीकडे चालत गेला. पायाखाली ओला बांध दबत होता. बाळाराम त्याला येताना बघत होता. तुळशीराम जवळ जाऊन उकिडवा बसला.

"काका," तुळशीराम म्हणाला, "त्या दिशी मी सायबाला इचारलाच न्हवता. तो सोताहून बोल्ला, आन् मी..."

"माला ठाव हाय." म्हाताऱ्याने दम घेतला. "दवाखान्यात असल्यापास्न ठाव हाय. तुजा तोंडच सांगत व्हता. तू आजचं बोल. कशाला आलास?"

फौजेत रोज संध्याकाळी कितीतरी माणसांना म्हटलेलं वाक्य होतं.

"उद्यापास्न..." तो म्हणाला आणि थांबला.

"पुरं बोल."

"उद्यापास्न येऊ नका, काका."

"बरं," बाळाराम म्हणाला.

त्याने वाकून फावड्याचं पातं पाण्यात हलवलं, हाताने पुसलं, आणि ते काठीसारखं टेकत उठला. तुळशीराम धरायला पुढे झाला, पण म्हाताऱ्याने हात पुढे केला नाही. तो बांधावरून गावाकडे निघाला. थोडं चालला, थांबला. पुन्हा थोडं चालला. त्याच्या मागून पळत जाऊन फावडं तरी घ्यावं, असं तुळशीरामला वाटलं. पण वाफ्यांत सगळी माणसं हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत उभी होती, आणि भरतीचं पाणी फळीला लागलं होतं. त्याने फळी ठोकून बसवली. मग तो त्यांच्याकडे परत गेला.

"काय बोल्ला काका?" नामाने विचारलं.

"काय न्हाय," तुळशीराम म्हणाला. "बरं बोल्ला."